अँटिबायोटिक, वेदनाशामक, झोपेचं इंजेक्शन : देणाऱ्या हाताने काय काय बघावं

रात्रपाळी

आमच्या सर्जिकल वॉर्डात गेल्या महिन्यात चार नव्या मुली रुजू झाल्या. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, हुशार, हाताने चपळ. त्यातल्या एकीने रात्री दहाच्या औषधांचा ट्रे लावता लावता विचारलं, "ताई, नऊ जणांची अँटिबायोटिक्स आहेत, अर्ध्या तासात उरकतील ना?" मी म्हटलं, उरकतील, पण उरकायची नाहीत. मग औषधं देता देता आमचं पहाटेपर्यंत बोलणं झालं. तेच इथे लिहून काढते आहे.

बावीस वर्षं हे काम करते. कुठलं औषध, किती डोस, ते डॉक्टर ठरवतात. मी लिहिते आहे ते शीटवर डोस लिहून झाल्यापासून पेशंट सकाळी डोळे उघडेपर्यंतच्या वेळाबद्दल. तो वेळ सिस्टरचा असतो.

आधी अँटिबायोटिक. "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" असं विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात, कारण अ‍ॅलर्जी हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला नसतो. मी विचारते, "कधी गोळीने, सुईने अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ सुजले, दम लागला, चक्कर येऊन पडलात असं झालं होतं का?" एका आजींनी पहिल्या प्रश्नाला सरळ नाही म्हटलं. दुसऱ्याला म्हणाल्या, "अगं, धाकट्याच्या बाळंतपणात पेनिसिलिनच्या सुईने माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं." त्यांच्या शीटवर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम होतं. व्हायलवर पेनिसिलिन असं लिहिलेलं नसतं, पण ते त्याच घरातलं. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसुद्धा. ड्युटी डॉक्टरांना उठवलं, औषध बदललं, केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं.

टेस्ट डोसचं सांगते. कातडीत अगदी थोडं, भोवती पेनाने गोल, पंधरा-वीस मिनिटांनी बघायचं. तो गोल कोरडा राहिला म्हणजे हमीपत्र मिळालं असं समजू नका. टेस्ट निगेटिव्ह असूनही पूर्ण डोसला रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि क्वचित टेस्टच्या थेंबालाही येते. म्हणून पहिल्या डोसनंतर पलंगापासून हलायचं नाही. पेशंट "सिस्टर, कसंतरी होतंय" म्हणाला तर त्याला "घाबरू नका" म्हणायच्या आधी इंजेक्शन थांबवायचं. अ‍ॅड्रिनॅलिन ट्रेमध्ये हवं, कुलपातल्या कपाटात नको. एक मिलीत एक मिलिग्रॅमचं अ‍ॅम्प्युल, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या मधोमध बाहेरच्या अंगाला, स्नायूत. पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) आणि एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध) नंतर. पुष्कळ ठिकाणी आधी त्या दोघांकडे हात जातो आणि मोलाची मिनिटं हातची जातात.

कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू ओळखायची तपासणी, पाठवायचं असेल तर रक्त डोसच्या आधी. पण कल्चरच्या बाटलीपायी डोस रखडवायचा नाही. सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा) पहिलं अँटिबायोटिक तासाभरात पोटात, म्हणजे शिरेत गेलंच पाहिजे.

मग वेग. व्हॅन्कोमायसिन एक ग्रॅम किमान साठ मिनिटांत. घाईने सोडलं तर चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, बीपी पडतं. ती बहुधा अ‍ॅलर्जी नसते, वेगाची शिक्षा असते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एका नळीत नको, कॅल्शियममुळे साका धरतो. नवजात बाळाला कॅल्शियमचं सलाईन चालू असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नाहीच. तेच औषध स्नायूत देण्यासाठी लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) विरघळवलेलं असेल तर ती सिरिंज शिरेजवळ न्यायची नाही. संधिवाती हृदयविकाराच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी देतात ते बेन्झाथिन पेनिसिलिन दुधासारखं दाट असतं. ते फक्त स्नायूत. शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. अमिकासिन चालू असेल तर लघवी मोजा, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, आणि "कानात गुंई होतंय का" हे रोज विचारा.

आता दुखणं. आम्हाला शिकवलंय, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय विचारायचं. हर्नियाच्या ऑपरेशनचे एक आजोबा त्या दहावर अडले. म्हणाले, "बाई, आण्यात विचारा." मी म्हटलं, सांगा. "बारा आणे." चार्टवर मी बारा आणेच लिहिलं, पुढे दहाच्या हिशेबात साडेसात. पॅरासिटामॉल दिलं, पाऊण तासाने परत गेले. "आता चार आणे." हे दुसऱ्यांदा विचारणं आमच्याकडे सर्वांत जास्त राहून जातं. उतार पडला की नाही हे नोंदलंच नाही, तर सकाळी डॉक्टरांना कळणार कशावरून?

पॅरासिटामॉलची शंभर मिलीची बाटली म्हणजे एक ग्रॅम, पंधरा मिनिटांत. पण चाळीस किलोच्या बाईला अख्खी बाटली नाही. पन्नास किलोच्या खाली किलोमागे पंधरा मिलिग्रॅम धरतात, म्हणजे सहाशे मिलिग्रॅम, साठ मिली. उरलेलं आधी काढून टाका, "नंतर बंद करीन" म्हणून ठेवू नका. शेजारच्या पलंगाने हाक मारली की विसरायला होतं. लहान मुलांत तर मिलिग्रॅमच्या जागी मिली वाचलं की थेट दहापट डोस. आणि उशीखालच्या पिशवीत बघा. घरची तापाची गोळी, ट्रॅमाडॉलसोबतची जोडगोळी, सगळ्यात पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाला दिवसाचे चार ग्रॅम ही वरची हद्द, यकृत नाजूक असेल तर त्याहून कमी.

डायक्लोफिनॅकच्या आधी चार गोष्टी: दमा, पोटात अल्सर, किडनी, रक्तस्राव. डेंग्यूची शंका असेल तर ते नाहीच. आणि कमरेत देताना जागा नीट धरा. सायटिक नसेला सुई लागून पाऊल लोंबकळलेला माणूस मी पाहिलाय. तो दुखणं घालवायला आला होता.

मॉर्फिन, फेन्टानिल ही अफूसारखी जोरदार वेदनाशामकं देताना सिरिंज हातात घ्यायच्या आधी श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आणि श्वास कमी होण्याआधी पेशंट पेंगायला लागतो, ती पहिली घंटा. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून डोळे मिटले, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना सांगायचं.

शेवटी गुंगीची औषधं. बारा वर्षांपूर्वीची माझी चूक सांगते. ऑपरेशननंतरचा पेशंट, संध्याकाळी ट्रॅमाडॉल झालेलं, रात्री अस्वस्थ म्हणून फोनवर मिडाझोलामची ऑर्डर आली. मी दिलं. मास्कवर ऑक्सिजन चालू, मॉनिटरवर सॅच्युरेशन ९७. मी तो आकडा बघून निश्चिंत झाले आणि नोटस् लिहायला बसले. आयसीयूकडे निघालेले भूलतज्ज्ञ जाता जाता थबकले, चादर बाजूला करून छातीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, मिनिटाला सहा." मास्क चालू असला की आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो, श्वास मात्र बुडत असतो. पेशंट वाचला. तेव्हापासून मी आकड्याआधी छाती बघते.

आणि दुसरं, अस्वस्थ पेशंटला झोपवायच्या आधी तो अस्वस्थ का आहे ते शोधा. ओटीपोटावर हात ठेवा, कॅथेटर अडकून लघवी तुंबली असेल. ऑक्सिजन, शुगर, बीपी, दुखणं बघा. रात्री दोनला पलंगावरून उतरायला बघणाऱ्या माणसाची कॅथेटरची नळी त्याच्याच मांडीखाली दुमडलेली मला किती वेळा सापडलीय. नळी सरळ केली, पिशवी भरली, माणूस झोपला. इंजेक्शन लागलंच नाही.

तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर तेही.

---

नवी_पालवी

ताई, मी पण जीएनएम, नोकरीला सात महिने. वाचताना पोटात गोळा आला. आमच्याकडे रात्री एका सिस्टरला पस्तीस-चाळीस पेशंट असतात. पहिल्या डोसला पलंगापाशी थांबायचं तर बाकीच्यांना कोण बघणार? चुकवायचं नाहीये, खरंच विचारतेय.

---

रात्रपाळी

पालवी, प्रश्न रास्त आहे आणि दोष तुझा नाही. एवढ्या पेशंटना एक सिस्टर हे मुळातच चूक आहे, आणि ते मेट्रनकडे लेखी मांडत राहायला हवं. तोवर मी करते ते असं. हँडओव्हर घेतानाच तीन नावं हातावर लिहिते: आज कुणाचा कुठल्या औषधाचा पहिला डोस आहे, कुणाला मॉर्फिन किंवा झोपेचं दिलंय, कुणाची किडनी बिघडलीय. पहिला डोस सगळ्यांची औषधं संपल्यावर देत नाही, सुरुवातीला देते, म्हणजे पुढचा तासभर मी जागी आणि त्याच बाजूला असते. झोपेचं औषध दिलेला पलंग शक्य असेल तर नर्सिंग स्टेशनसमोर आणून घेते, त्याच्या डोक्यावरचा दिवा मंद का होईना चालू ठेवते. तिसऱ्या दिवसाचं अँटिबायोटिक पंधरा मिनिटं मागेपुढे झालं तर चालतं. ह्या तिघांत मागेपुढे चालत नाही.

---

कोयनाकाठ

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर रात्री मी त्यांच्याजवळ होतो. दोन दिवस तळमळत होते, त्या रात्री इंजेक्शननंतर मोठ्याने घोरायला लागले. मला इतकं बरं वाटलं की मी बहिणीला मेसेज केला, "बाबा गाढ झोपलेत." दहा मिनिटांत सिस्टर आल्या, घोरणं ऐकून जवळजवळ धावतच आल्या, हनुवटी वर उचलली, त्यांना हाका मारून जागं केलं. मी चिडलो. दोन दिवसांनी झोपलेल्या माणसाला उठवता कशाला, असं बोललो त्यांना. त्या काही बोलल्या नाहीत, हनुवटीला हात लावून उभ्या राहिल्या. आज तुमचा लेख वाचून कळलं की त्या काय करत होत्या.

---

भूल_आणि_जाग

मी भूलतज्ज्ञ. कोयनाकाठ, औषधाने आलेलं घोरणं म्हणजे जीभ मागे पडून वाट अरुंद झाल्याचा आवाज. आवाज थांबला आणि छाती हलतेय पण हवा जात नाहीये, ही त्याची पुढची पायरी. त्या सिस्टरने वेळेत हनुवटी उचलली.

रात्रपाळी यांच्या लेखात भर घालतो. मिडाझोलाम दोन ताकदींचं मिळतं, एक मिलीत एक मिलिग्रॅम आणि एक मिलीत पाच. "दोन मिली दे" अशी तोंडी ऑर्डर कधीही घेऊ नका, मिलिग्रॅममध्ये वदवून घ्या, परत म्हणून दाखवा. शिरेतून दिल्यावर पूर्ण परिणाम दिसायला काही मिनिटं लागतात, वृद्धांत आणखी. "अजून झोपला नाही" म्हणून लगेच दुसरा डोस दिला की दोन्ही एकदम चढतात. ओपिऑइड (मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारखी) आणि बेन्झोडायझेपीन (मिडाझोलामसारखी) एकत्र आले की श्वासावरचा परिणाम एकमेकांना वाढवतो, त्यामुळे संध्याकाळचं ट्रॅमाडॉल रात्रीच्या डॉक्टरला फोनवर सांगणं हे सिस्टरचंच काम, कारण फोनवर त्याला शीट दिसत नाही.

उताऱ्याबद्दलही. नालोक्सोन हा मॉर्फिनचा उतारा, त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास. मॉर्फिन त्याच्यापेक्षा जास्त टिकतं. पेशंट जागा झाला म्हणून निर्धास्त झालात तर तासाभराने तो पुन्हा बुडतो. फ्लुमाझेनिल हा मिडाझोलामचा उतारा, तो वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला दिला तर झटके येऊ शकतात. म्हणून "घरी झोपेची गोळी घेता का" हा प्रश्न दाखल करून घेतानाच.

आयसीयूतल्यांसाठी: प्रोपोफॉल हे भुलीचं औषध तेलकट आहे, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. बारा तासांनी नळी आणि बाटली बदला. भरून ठेवलेली सिरिंज दुसऱ्या केसला वापरायची नाही. ते पांढरं असल्यामुळे ओळखू येतं. बाकी सगळ्या सिरिंज पाण्यासारख्या दिसतात. लेबल नसलेली सिरिंज, मग ती कुणीही भरलेली असो, कचऱ्यात.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधांची सरसकट टेस्ट डोस करण्याला फारसा शास्त्रीय आधार नाही. इतिहास नीट विचारणं आणि पहिल्या डोसला तयारीनिशी थांबणं, हेच खरं संरक्षण. टेस्टमुळे खोटा विश्वास येतो, आणि कधी खोटी भीती. साधी लाली उठली म्हणून चांगलं औषध जन्मभरासाठी बाद होतं.

---

रात्रपाळी

सर, पटतं. पण आमच्या हॉस्पिटलच्या नियमात टेस्ट लिहिलेली आहे, आणि न करता काही झालं तर प्रश्न सिस्टरला विचारला जातो. नियम बदलेपर्यंत मी टेस्ट करणार. त्या गोलावर विसंबणार नाही, एवढं माझ्या हातात आहे.

---

थेम्सवरून

मी मूळची सांगलीची, आता लंडनमध्ये सरकारी हॉस्पिटलात नर्स. व्हॅन्कोमायसिनच्या त्या लालीबद्दल एक सांगावंसं वाटलं. पुस्तकात तिला पूर्वी "रेड मॅन सिंड्रोम" म्हणत, आता ते नाव सोडून "व्हॅन्कोमायसिन इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन" म्हणतात. त्याला कारण आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. माझ्या एका पेशंटची कातडी जशीच्या तशी होती, ते फक्त मान कॉलरवर घासत होते. विचारलं तर म्हणाले खाज येतेय, गरम होतंय. पंप थांबवला. तेव्हा रंगाकडे बघू नका, विचारा. भारतात शिकताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण पुस्तकातले फोटो गोऱ्या माणसांचे होते.

इथे मॉर्फिन काढताना दोन नर्स लागतात. दोघी व्हायल वाचतात, दोघी मोजतात, दोघी सही करतात, आणि उरलेलं दोघींदेखत टाकलं जातं. सुरुवातीला मला अविश्वास वाटायचा. आता एकटीने काढायची वेळ आली तर हात अडखळेल.

---

पिंपरी_५४

आमचं औषधांचं दुकान आहे. सदस्यनाम वडिलांमुळे: पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि ते तिथे नोकरीला होते. पेनिसिलिनच्या कुपीबद्दल ते देवाच्या तीर्थासारखं बोलायचे.

आज काउंटरवर लोक "दोन गोळ्या द्या, बरं वाटलं की थांबतो" म्हणून अँटिबायोटिक मागतात तेव्हा मला त्यांची आठवण येते. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही कडक नियमांच्या औषधांची यादी लागू आहे. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल ही सगळी त्यात येतात. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं ठेवायची. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने सांगितलेलं लोकांच्या लक्षात राहतं, आम्ही सांगितलेलं कमी. म्हणून विनंती: डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून, लगेच आडवं न होता, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर नको, अंगी लागत नाही. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू नको. हे तीन निरोप तुम्ही घरी जाताना द्याल का?

---

अबोली

आईला स्वादुपिंडाचा कर्करोग होता. शेवटचे चार महिने घरी होती, मॉर्फिनच्या गोळ्यांवर. ही गोळी मिळवताना आमच्या तालुक्याला मी सात दुकानं फिरले. मिळाली ती जिल्ह्याच्या हॉस्पिटलात. घरच्यांना वाटायचं, आई व्यसनी होईल. मामा म्हणाला, "एवढ्यात नको, शेवटाला ठेवू."

आमच्याकडे येणाऱ्या पॅलिएटिव्ह (दुखणं हलकं करणाऱ्या सेवेच्या) सिस्टरनी मामाला समोर बसवून सांगितलं, दुखणं उठायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून द्यायची, दर चार तासांनी. पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत, कारण मळमळ काही दिवसांनी कमी होते, बद्धकोष्ठता जात नाही. पुढे गिळता येईना तेव्हा फेन्टानिलचा पॅच लावला. पॅच लावून बहात्तर तास. मी पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली होती, ती त्यांनी हातातून काढून घेतली. उष्णतेने औषध भराभर अंगात जातं, हे मला माहीत नव्हतं. जुना पॅच चिकट बाजू आत दुमडून, माझ्या लहान मुलीच्या हाती लागणार नाही असा टाकायला शिकवलं.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आईने उठून बसून स्वतःच्या हाताने मऊ भात खाल्ला. मामा दारात उभा राहून बघत होता.

---

भूल_आणि_जाग

अबोली, तुमची फरफट व्हायला नको होती. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन वर्षानुवर्षं दवाखान्यांतून हद्दपार झालं. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवणं सोपं झालं. कागदावर सोपं झालं, तालुक्याला पोचायचं आहे. वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली तर मेडिकलची दुकानं फिरू नका. जवळच्या कर्करोग किंवा पॅलिएटिव्ह केंद्राला आधी फोन करा.

---

नवी_पालवी

ताई, काल रात्रीचं सांगायचंय. बेड चौदाला आतड्याचं ऑपरेशन झालेले काका, सहा तासांनी मॉर्फिनची ऑर्डर, वेळ पहाटे दोनची. कण्हत होते थोडे, मुलगा म्हणत होता लवकर द्या. मी घड्याळ धरून त्यांच्या छातीवर हलका हात ठेवला. मिनिटभरात नऊ. हाक मारली तर डोळे उघडले, माझं नाव विचारलं, उत्तर ऐकायच्या आधी मिटले. क्रिएटिनिन बघितलं, संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये वाढलेलं, कुणी शीटवर लिहिलं नव्हतं. डोस थांबवून डॉक्टरांना बोलावलं. ते आले, मॉर्फिन बंद केलं, पॅरासिटामॉल लिहिलं, नालोक्सोन भरून पलंगाशी ठेवायला सांगितलं. पाच वाजेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी मोजले: नऊ, दहा, दहा, अकरा, बारा, बारा, तेरा... मुलगा शेवटी माझ्याबरोबर मोजायला लागला होता.

---

रात्रपाळी

पालवी, ते आकडे वेळेसकट नोटस् मध्ये उतरवलेस ना? आणि क्रिएटिनिनचं सकाळच्या पाळीला तोंडी सांगितलंस की लिहून? किडनी काम करत नसली की मॉर्फिनचे अवशेष अंगात साचत राहतात, त्यामुळे आज दिवसभरही काकांकडे लक्ष हवं. आज रात्री कोण आहे ड्युटीला?

---

नवी_पालवी

लिहून दिलंय ताई, लाल पेनाने. आज मीच आहे.